तोट्याची वांटणी

घराचें उत्पन्न वाढत असतें तेव्हां कुटुंबांतील माणसांची खरी परीक्षा होत नाहीं. थोरल्याच्या वांट्यास कांहीं अधिक आलें, धाकट्याच्या वांट्यास कांहीं कमी आलें, तरी प्रत्येकाच्या पदरांत कालच्यापेक्षां आज अधिक पडत असल्यामुळें कुरकुर पोटांतल्या पोटांत राहते. परीक्षेचा काळ येतो तो उत्पन्न घटल्यावर. कोणाचें दूध बंद करावयाचें, कोणाची फी थांबवावयाची, कोणाच्या अंगावरचा दागिना मोडावयाचा, हे प्रश्न उभे राहिले म्हणजे माणसांचा एकमेकांवर किती विश्वास आहे हें उघड होतें. ज्या घरांतील कर्ता पुरुष जमाखर्चाची वही सर्वांपुढें ठेवतो आणि पहिली काट स्वतःच्या खर्चास लावतो, त्या घरांतील लहान मुलेंहि ओढगस्तीचे दिवस हंसतमुखानें काढतात. जेथें वही कुलुपांत राहते आणि हुकूम तेवढा बाहेर येतो, तेथें मात्र चार पैसे शिलकेस असतांनाहि भांडण चुकत नाहीं.

कारखाना म्हणजे कुटुंब नव्हे, हें आम्ही जाणतों. मालक हा मजुराचा पिता नव्हे आणि मजूर हा त्याचें अज्ञान लेंकरूं नव्हे; तसें म्हणणें दोघांनाहि अपमानाचें होईल. तरीपण मंदीच्या काळीं मालक व मजूर यांच्यामध्यें जी घासाघीस होते, तिचें मर्म समजण्यास हा घरगुती दाखला उपयोगी पडण्यासारखा आहे. तेजींत प्रश्न असतो तो नफ्याच्या वांटणीचा. मंदींत प्रश्न येतो तो तोट्याच्या वांटणीचा. आणि तोटा कोणीहि आपखुषीनें मागून घेत नाहीं. अशा वेळीं वाटाघाट कशानें जुळते आणि कशानें फिसकटते, याचे धडे आपल्या मुंबई इलाख्याच्या कापडगिरण्यांच्या इतिहासांत जितके स्पष्ट सांपडतात तितके इतरत्र क्वचितच सांपडतील.

बंधु एका पक्षास, भगिनी दुसऱ्या पक्षास

आरंभ अहमदाबादेपासून करूं. १९१७ सालीं त्या शहरांत प्लेगाची साथ आली आणि मजूर गांव सोडून जाऊं लागले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. विलायतेहून येणारें कापड कमी झालेलें, गिरण्यांना चांगली तेजी. माणसें कामावर टिकावीं म्हणून मालकांनीं पगारावर प्लेग-बोनस या नांवाची भर देण्यास सुरुवात केली. कित्येक विणकरांच्या बाबतींत ती मूळ पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाई. साथ ओसरल्यावर, १९१८ च्या आरंभीं, मालकांनीं ही भर बंद करण्याचें ठरविलें. मजूर म्हणाले, प्लेग गेला हें खरें, पण महागाई कोठें गेली आहे? दोन्ही पक्षांचें म्हणणें आपापल्या परी खरें होतें, आणि म्हणूनच तंटा कठीण होता.

मालकांचे अग्रणी होते शेठ अंबालाल साराभाई. त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन विणकरांच्या बाजूस उभ्या राहिल्या. महात्मा गांधींचा स्नेह दोघांशींहि. मालक वीस टक्के वाढ देऊं म्हणत होते, मजूर पन्नास टक्क्यांवर अडून होते. गांधीजींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम जें केलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं मुंबईचे दर काय, मजुराच्या घरखर्चास काय लागतें, गिरण्यांची ऐपत काय, याचा तपास केला. पस्तीस टक्के हा आंकडा काढला. आणि आपल्याच पक्षास पन्नासांवरून पस्तिसांवर खालीं आणलें. मागणी करण्यापूर्वीं हिशेब मांडण्याची ही रीति त्या काळीं नवीनच होती.

२२ फेब्रुवारी १९१८ पासून मालकांनीं टाळेबंदी केली. १२ मार्चला वीस टक्के कबूल असणारांसाठीं दारें उघडलीं. घरांत अन्न नाहीं आणि समोर दार उघडें, अशा स्थितींत मजुरांचा निर्धार डळमळूं लागला. १५ मार्चला गांधीजींनीं उपवास आरंभिला आणि १८ मार्चला तडजोड झाली. तिची रचना मोठी मौजेची आहे. पहिल्या दिवशीं पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशीं वीस टक्के, म्हणजे मालकांची प्रतिज्ञा राहिली. आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवाद म्हणून प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांस नेमिलें. ते संस्कृताचे व तत्त्वज्ञानाचे पंडित. व्यापाराशीं त्यांचा संबंध नव्हता, पण दोन्ही पक्षांचा त्यांच्या न्यायबुद्धीवर भरंवसा होता. ऑगस्टमध्यें त्यांनीं पस्तीस टक्क्यांचा निकाल दिला. पुढें आत्मचरित्रांत गांधीजींनीं मोकळेपणानें कबूल केलें कीं, आपल्या उपवासाचें दडपण मालकांवर पडलें आणि तितक्यापुरता तो सदोष होता. जिंकलेल्या पक्षानें आपल्या जिंकण्यांतील उणीव अशी बोलून दाखविल्याचीं उदाहरणें थोडीं.

येथें एक अट मात्र विसरून चालणार नाहीं. अहमदाबादच्या गिरण्यांत त्या सालीं पैसा होता. वांटणी होती ती नफ्याची. खरी कसोटी पुढें मुंबईस लागली.

मुंबईवर आलेली मंदी

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १९२० नंतरच्या वर्षांत शहरांत ऐंशींच्या आसपास गिरण्या व सुमारें दीड लाख गिरणीकामगार होते. त्यांपैकीं फार मोठा भाग रत्नागिरी, सातारा, पुणें, कोल्हापूर इकडील मराठी माणसांचा. परळ-लालबागच्या चाळींतील एका खोलींत दहा-बारा गडी राहावयाचे, जेवण खानावळींत, आणि उरलेला पैसा मनिऑर्डरीनें गांवीं. गिरणीचा भोंगा मुंबईंत वाजे, पण त्यावर चूल पेटे ती कोंकणांतल्या व घाटावरच्या खेड्यांत. सरत्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्यास हातीं पडे. त्यामुळें वाण्याकडील उधारी व सावकाराचें व्याज हीं मजुराच्या पाठीस कायमचीं लागलेलीं असत.

महायुद्धांत व त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गिरण्यांनीं अमाप नफा मिळविला. १९२२-२३ पासून वारें फिरलें. चीनमधील सुताची बाजारपेठ हातची गेली होती. जपानचा माल इकडे स्वस्त येऊं लागला; तेथें दुहेरी पाळी चाले आणि स्त्रियांना रात्रपाळीस लावण्यास १९२९ पर्यंत मज्जाव नव्हता. अहमदाबाद, सोलापूर, नागपूर येथील गिरण्या बाजारपेठेच्या जवळ असल्यामुळें देशांतच चढाओढ वाढली. सरकारनें रुपयाचा भाव सोळा पेन्सांऐवजीं अठरा पेन्स धरल्यामुळें परदेशी माल आणखी स्वस्त झाला. शिवाय देशी कापडावर साडेतीन टक्के जकात होतीच. मँचेस्टरच्या गिरण्यांचें समाधान व्हावें म्हणून ती १८९६ सालीं या दरानें बसविलेली होती.

हीं सर्व कारणें खरीं होतीं. पण मजुराला जें दिसत होतें तेंहि खोटें नव्हतें. तेजीच्या वर्षांत भागीदारांनीं भरमसाट नफा वांटून घेतला होता; कित्येक गिरण्यांचें भांडवल फुगविलेलें होतें; आणि गिरणी चालविणाऱ्या एजंटांचें कमिशन पुष्कळ ठिकाणीं विक्रीवर किंवा उत्पादनावर धरलेलें असल्यामुळें गिरणी तोट्यांत असली तरी एजंटाची मिळकत चालूच राही. कांहीं एजंटांनीं वाईट वर्षांत आपलें कमिशन सोडलें, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु मजुराला वही कोणी दाखविलीच नव्हती. मग कोणी काय सोडलें आणि कोणी काय ठेवलें, हें त्याला कळावें कसें?

१९२५ : तिसऱ्याच्या खिशांतून तडजोड

१९२५ च्या सप्टेंबरपासून मालकांनीं महागाई-भत्त्यांत अशी काट लावली कीं, एकंदर पगार साडेअकरा टक्क्यांनीं कमी व्हावा. त्याच महिन्याच्या मध्यास संप सुरू झाला आणि दीड लाखांच्या आसपास माणसें घरीं बसलीं. या संपांत श्री. नारायण मल्हार जोशी यांनीं मजुरांची बाजू मांडली. भारत सेवक समाजाचे हे सभासद. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून चाळींतून वाचनालयें, रात्रीच्या शाळा असें काम चालविलें होतें. स्वभावानें शांत, आंकड्यांना धरून बोलणारे, वर्तमानपत्रांत गाजावाजा न करणारे गृहस्थ.

मालक म्हणत होते, सरकारनें साडेतीन टक्क्यांची जकात उठविली तर आम्ही काट मागें घेऊं. मजुरांनाहि जकात नकोच होती. अशा रीतीनें भांडणाऱ्या दोघांचें एका मुद्द्यावर एकमत झालें आणि भार तिसऱ्यावर, म्हणजे सरकारवर, पडला. १ डिसेंबरपासून जकात स्थगित झाली, मालकांनीं वचन पाळून जुने पगार कायम केले, संप मिटला. अडीच महिन्यांची उपासमार मजुरांनीं सोसली होती, हें खरें. पण शेवटीं दोन्ही पक्ष ताठ मानेनें गिरणींत गेले. पुढील वर्षीं जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबई कापड कामगार संघ स्थापन झाला आणि १९२६ च्याच ट्रेड युनियन कायद्यानें कामगारसंघांना कायदेशीर स्थान मिळालें. ही तडजोड सोपी झाली याचें कारण, तोटा उचलावयास तिसरा कोणी तरी मिळाला. पुढच्या खेपेस तसा कोणी उरला नव्हता.

सहा महिन्यांचा संप

जकात गेली तरी मंदी गेली नाहीं. सरकारनें नेमिलेल्या टॅरिफ बोर्डानें १९२७ सालीं या धंद्याची पाहणी करून मजुराची कार्यक्षमता वाढविण्याचा मार्ग सुचविला. ऐकावयास हा शब्द निरुपद्रवी वाटतो. गिरणींत त्याचा अर्थ असा झाला कीं, दोन माग पाहणाऱ्या विणकरानें तीन पाहावे, साच्याची एक बाजू सांभाळणारानें दोन सांभाळाव्या. दर माणशीं मिळकत थोडी वाढे, पण तीन माणसांच्या कामास दोन पुरत आणि तिसरा दाराबाहेर राही. ससून व फिनले यांच्या गिरण्यांत ही पद्धति प्रथम सुरू झाली आणि १९२८ च्या आरंभापासूनच खटके उडूं लागले. एप्रिलच्या अखेरीस जवळजवळ सर्व मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या.

या वेळीं मैदानांत दोन पक्षांचे पुढारी होते. एकीकडे जोशी व त्यांचे सहकारी रा. रा. बखले, दुसरीकडे लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर व स्वतः मजूर असलेले अर्जुन आळवे, कासले. विचारांनीं हे दोन गट उत्तर-दक्षिण ध्रुवांसारखे. पण मालकांशीं बोलावयाचें तर एका तोंडानें बोललें पाहिजे, हें ओळखून त्यांनीं संयुक्त संपसमिति बनविली आणि सतरा मागण्या एकत्र मांडल्या. मालकांनींहि सर्व गिरण्यांस लागू पडेल असें पगाराचें एकसारखें कोष्टक तयार केलें. एरवीं एका गिरणींत एक दर, शेजारच्या गिरणींत दुसरा, आणि मुकादमाच्या मर्जीवर तिसरा असा कारभार असे. तेव्हां कोष्टक होणें ही मुळांत चांगली गोष्ट होती. घोडें अडलें तें त्यांत विणकरांच्या पगारांतील साडेसात टक्क्यांची काट होती तेथें.

पावसाळा आला. पुष्कळ कामगार पेरणीसाठीं गांवीं गेले. जे राहिले ते धान्यवांटपाच्या रांगेंत उभे राहिले. खानावळवालींची उधारी चढली, वाण्यांचे हात आंखडले. सुमारें सहा महिने हा हट्ट चालला. दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस वायां गेले. शेवटीं सरकारच्या मध्यस्थीनें ऑक्टोबरच्या आरंभीं असें ठरलें कीं, सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी, तोंपर्यंत जुन्या दरानें काम चालावें, आणि समितीपुढें दोन्ही पक्षांनीं आपलें सर्व म्हणणें आंकड्यांसह मांडावें. ६ ऑक्टोबरला गिरण्या सुरू झाल्या.

जें ऑक्टोबरांत ठरलें तें मे महिन्यांत ठरण्यास काय हरकत होती? समिति तीच नेमतां आली असती, कोष्टक तेंच तपासतां आलें असतें. पण मे महिन्यांत प्रत्येक पक्षाला वाटत होतें कीं, दुसरा आधीं दमेल. मंदींत अशा अंदाजाचा फार मोह पडतो. मालाचा सांठा पडून असल्यामुळें मालकाला थोडे दिवस गिरणी बंद ठेवणें जड वाटत नाहीं. आणि मजुराला गमावण्यासारखें थोडेंच उरलेलें असल्यामुळें त्याचाहि धीर वाढतो. पुढें दोघेहि दमतात, आणि तेव्हां तडजोडीची किंमत दुप्पट झालेली असते.

ज्यांना कोणी विचारलें नाहीं

वाटाघाटीला बसणारांकडे आपलें लक्ष जातें. जे तेथें पोंचत नाहींत त्यांच्याकडे जात नाहीं. गिरणींतील विणकामाच्या खात्यांत, ज्याला मजूर साळखातें म्हणत, पगार सर्वांत बरा असे. पण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना तेथें काम मिळत नसे. कारण असें कीं, धोट्याच्या भोंकांतून सुताचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळें सवर्ण विणकर त्यास तयार नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ च्या संपांत हा प्रश्न रोखठोक पुढें आणिला: ज्यांना चांगल्या खात्याचें दार बंद आहे त्यांनीं त्या खात्याच्या पगारासाठीं उपाशीं कां मरावें? त्यांच्या आग्रहामुळें ही मागणी संपसमितीला घ्यावी लागली. मालकांनीं उत्तर दिलें, आमची हरकत नाहीं, तुमच्याच माणसांची आहे. त्या उत्तरांत सोय पुष्कळ होती, पण असत्य नव्हतें. पुढल्या वर्षींच्या संपास डॉ. आंबेडकरांनीं विरोध केला, याचें आश्चर्य करण्याचें कारण नाहीं.

सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील स्त्रियांचीहि स्थिति निराळी नव्हती. कपातीची कुऱ्हाड त्यांच्यावर लवकर पडे आणि समित्यांतून त्यांचा आवाज क्वचित ऐकूं येई. उषाताई डांगे यांच्यासारख्या, पांढरपेशा घरांतून आलेल्या स्त्रियांनीं त्यांच्यांत जाऊन काम केलें तेव्हां कोठें ही उणीव थोडीफार भरून निघूं लागली. ज्या पक्षाला आपल्याच माणसांशीं न्यायानें वागतां येत नाहीं त्याची समोरच्या पक्षाकडे न्याय मागतांना जीभ अडखळते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

हातचें घालविलें

फॉसेट समितीपुढें महिनोन् महिने साक्षी झाल्या. एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे लोक तेथें मागाचा वेग, सुताचा नंबर, कापडाची रुंदी यांवर तासच्या तास वाद घालीत बसले. तंटा उद्भवल्यास प्रथम आपसांत मिटविण्याचे नियमहि दोन्ही पक्षांनीं मान्य केले. मार्च १९२९ मध्यें अहवाल आला. त्यांत मालकांचें कोष्टक मुख्यतः योग्य ठरलें. डिसेंबर १९२८ पर्यंत लाल बावट्याच्या युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली होती. मजुरांना एवढा मोठा संघ आणि मालकांना बोलण्यासारखा एक पक्ष, असा योग पूर्वीं कधीं आला नव्हता.

तो योग सर्वांनीं मिळून घालविला. फेब्रुवारीत मुंबईंत दंगा होऊन माणसांची मनें विटलीं. २० मार्चला सरकारनें मीरत कटाच्या खटल्यासाठीं देशभर धरपकड केली. त्यांत डांगे, निंबकर, मिरजकर, आळवे, कासले असे गिरणी संघाचे प्रमुखच गेले. समितीपुढें बसून ज्यांना देण्या-घेण्याची संवय होऊं लागली होती तीच माणसें तुरुंगांत पडलीं. कांहीं गिरण्यांनीं संपकऱ्यांना कामावर परत घेतलें नाहीं. आणि युनियनच्या मागें राहिलेल्या पुढाऱ्यांनीं, मान्य केलेले आपसांतील तंट्याचे नियम बाजूस सारून, २६ एप्रिलला पुन्हां सार्वत्रिक संप पुकारला. सहा महिन्यांच्या उपवासांतून उठलेल्या मजुरांच्या अंगांत आतां त्राण नव्हतें. सप्टेंबरांत संप विरघळला, चौकशी-न्यायालयानें दोष युनियनवर ठेवला, सभासद पांगले. पुढें जागतिक मंदी आली तेव्हां, १९३३-३४ सालीं, गिरण्यांनीं एकामागून एक पगार कापले. त्या वेळीं मजुरांच्या वतीनें बोलावयास मुंबईंत समर्थ असा संघ उरला नव्हता. एक वर्ष संघटना फोडल्याचें समाधान मालकांनीं मिळविलें, पण ज्याच्याशीं करार करावा असा पक्षहि त्यांनीं त्याबरोबरच गमावला.

कायदा व विश्वास

यानंतर कायद्यानें वाटाघाटीला वळण लावण्याचा प्रयत्न झाला. १९३४ सालीं समेटाचा कायदा झाला. १९३७ सालीं मुंबई सरकारनें कापडधंद्यांतील मजुरांच्या चौकशीसाठीं समिति नेमिली. १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यानें संपापूर्वीं नोटीस व समेटाची खटपट सक्तीची केली. हा संपाच्या हक्कावर घाला आहे असें म्हणून त्या वर्षीं ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकर व कम्युनिस्ट पुढारी यांनीं एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडविला. १९४६ चा कायदा आला त्यानें एका धंद्यास एक प्रातिनिधिक युनियन असावी व वाटाघाट तिच्याशींच व्हावी असें ठरविलें. मूळ हेतु चांगला होता. दहा तोंडांशीं बोलण्यापेक्षां एकाशीं बोलणें बरें, हें १९२८ सालीं दोन्ही पक्षांच्या अनुभवास आलें होतें.

परंतु कायदा प्रतिनिधि नेमूं शकतो. विश्वास नेमूं शकत नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला तेव्हां याचें प्रत्यंतर आलें. कायद्यानें मान्य असलेली युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा विश्वास बसला होता डॉ. दत्ता सामंत यांच्यावर. ज्यांच्याशीं बोलतां येई त्यांच्यामागें माणसें नव्हतीं, आणि ज्यांच्यामागें माणसें होतीं त्यांच्याशीं बोलण्यास मालक व सरकार राजी नव्हते. धंद्याची स्थितीहि फिरली होती: यंत्रें जुनीं, भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांची चढाओढ, आणि गिरणीच्या जमिनीची किंमत गिरणीपेक्षां चढत चाललेली. संप मागें घेतल्याचें शेवटपर्यंत जाहीर झालें नाहीं. हजारों माणसांना पुन्हां काम मिळालें नाहीं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आणि जेथें भोंगे वाजत तेथें उंच मनोरे व दुकानें उभीं राहिलीं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंत वाटाघाट करणाऱ्या युनियनला एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असावा, तसा कोणाचाच नसेल तर वीस टक्के पाठिंब्याच्या युनियनांचें मंडळ असावें, अशी तरतूद केलेली आहे. पाठिंबा मोजला जावा हें योग्यच; मोजणी प्रामाणिक झाली तरच तिचा उपयोग.

या साऱ्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे आम्हांस असें वाटतें कीं, पडत्या काळांतील वाटाघाट तीन गोष्टींवर तगते. वही उघडी असावी; बोलणारा माणूस ज्यांच्या वतीनें बोलतो त्यांच्या विश्वासाचा असावा; आणि दिलेला शब्द लहान असला तरी पाळला जावा. अहमदाबादेस तिन्ही होत्या. १९२५ सालीं वही मिटलेली होती, पण शब्द पाळला गेला. १९२९ सालीं शब्द मोडला, तो एका पक्षानें नव्हे. १९८२ सालीं बोलणारा माणूसच ठरला नाहीं.

आपल्या उंबऱ्याशीं

वाचक म्हणतील, आम्ही ना गिरणीमालक ना गिरणीमजूर. आम्हांला याचें काय? पण आपल्यापैकीं बहुतेक घरांत भांडीं घासावयास, पोळ्या करावयास कोणी बाई येते. तिच्यापुरते आपण मालकच आहों. १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं संप केला, पगारवाढ व हक्काची रजा मागितली, आणि त्यांतून पुणें शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्या वेळीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून जी बोलणीं निघालीं तीं गिरणीमालकांच्या बोलण्याहून फारशीं निराळीं नव्हतीं: एकदां सूट दिली कीं डोक्यावर बसतील, आमचेंहि भागत नाहीं, दुसरी बाई मिळेल. २००८ सालीं महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा झाला. पण आपल्या स्वयंपाकघरांत कायदा क्वचितच येतो.

२०२० च्या मार्चांत करोनाच्या साथीमुळें टाळेबंदी झाली तेव्हां तोट्याच्या वांटणीचा प्रश्न एका दिवसांत आपल्या उंबऱ्याशीं येऊन उभा राहिला. कित्येक घरांनीं बाई येत नसतांनाहि महिन्याचा पगार पोंचविला. कित्येकांनीं काम नाहीं तर पगार नाहीं असें म्हटलें. कित्येकांचें स्वतःचेंच उत्पन्न अर्ध्यावर आलें होतें, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. अशांपैकीं ज्यांनीं बाईला बोलावून, यंदा आम्हांला एवढेंच जमेल, बरे दिवस आल्यावर राहिलेलें भरून देऊं, असें मोकळेपणीं सांगितलें आणि पुढें तसें केलें, त्यांनीं मुंबईच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना व शेठजींना जें साधलें नाहीं तें आपल्या ओसरीवर साधलें. मंदी पुन्हां येईल. ती येतच असते. तेव्हां पहिली काट कोणाच्या ताटांतून काढावयाची, हें प्रत्येक घराला आपल्या वहीकडे पाहूनच ठरवावें लागेल. आणि ती वही बाईपुढेंहि उघडण्याची तयारी आपण आतांपासून केलेली बरी.